पाण्यामधून जाणारी कोरडी वाट : भरतपूरचे घना

पाणथळ जागा म्हटली की गुडघाभर चिखल, जळवा आणि गमबूट डोळ्यांसमोर येतात. राजस्थानात भरतपूर शहराला लागून असलेल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मात्र यातले काहीच लागत नाही. भरल्या तळ्यांच्या मधून जाणारी वाट सपाट आणि रुंद आहे. तिच्यावरून सत्तरीतले आजोबाही चालतात आणि शाळकरी मुलेही. दोन्ही हातांना पाणी, कधी अगदी काठाला टेकलेले, तरी पायाखालची माती कोरडी. दुसरे नवल पक्ष्यांचे. दहा-पंधरा पावलांवर उभा असलेला करकोचा माणसांची वर्दळ पाहूनही जागचा हलत नाही. एरवी याच जातीचा पक्षी एखाद्या गावतळ्यावर शंभर पावलांवरूनच उडून जातो.

वाट कोरडी का राहते आणि पक्षी स्थिर का राहतात, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बरेचसे एकाच गोष्टीत आहे. इथली पायवाट पाणथळीत आणून घातलेली नाही. ज्या बांधांनी ही पाणथळ घडवली, त्यांच्या माथ्यावरूनच वाट जाते.

सपाट जमिनीचा हिशेब

केवलादेवला स्थानिक लोक ‘घना’ म्हणतात. मध्यभागी असलेल्या शंकराच्या देवळावरून उद्यानाला अधिकृत नाव मिळाले. क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर, म्हणजे राष्ट्रीय उद्यान म्हणून अगदी लहान. त्यातला साधारण तिसरा हिस्सा पाण्याखाली येतो, उरलेल्यात गवताळ माळ आणि बोर, बाभूळ, नेपती, पिलू यांचे झुडपी रान आहे.

गंभीर आणि बाणगंगा या पावसाळी नद्या ज्या गाळाच्या मैदानात पसरतात, तिथेच हा किंचित खोलगट भाग आहे. ‘किंचित’ हा शब्द इथे महत्त्वाचा. डोंगरातल्या दरीत पाणी अडवायचे तर उंच धरण लागते आणि तळे होते खोल पण अरुंद. सपाट जमिनीचा हिशेब उलटा असतो. हजार मीटरला एक मीटर इतकाच उतार असेल, तर एक मीटर उंचीचा मातीचा बांध मागे एक किलोमीटरपर्यंत पाणी पसरवतो. त्या पाण्याची खोली बांधाजवळ मीटरभर असते आणि दुसऱ्या टोकाला शून्य. म्हणजे थोड्या मातीत खूप पाणी पसरते, आणि तेही बहुतेक उथळ. पाणपक्ष्यांना नेमके हेच लागते.

चालणाऱ्याची सोयही त्याच सपाटीतून येते. चढउतार नाही, कारण जमिनीलाच नाही. बांध फार उंच करावा लागत नाही, म्हणून त्याचा माथा रुंद ठेवणे परवडते. खारफुटीच्या खाडीत हे जमत नाही. तिथे भरती-ओहोटीचे पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करते, बांध घातला तर तेच अडेल आणि खारफुटी मरेल. म्हणून तिथे खांबांवर उचललेली फळ्यांची वाट करावी लागते. घनामध्ये पाणी वर्षातून एकदा येते आणि हळूहळू आटते. त्याला मातीचा बांध पुरतो.

बांध कोणी घातले

मूळ काम अठराव्या शतकातले. भरतपूरचे जाट राजे सूरजमल यांनी पुराचे पाणी अडवण्यासाठी उद्यानाच्या आजच्या सीमेबाहेर अजान बांध घातला. पानिपतानंतर वाताहत होऊन परतणाऱ्या मराठ्यांना ज्यांनी आसरा दिला, तेच हे सूरजमल. बांधामागे साठलेले पाणी कालव्याने खोलगट भागात सोडता येऊ लागले.

त्या भागाचे कप्पे मात्र बरेच नंतर पडले. एकोणिसावे शतक संपताना आणि विसावे सुरू होताना भरतपूर संस्थानाने इथे लहान बांध, चर आणि झडपांचे दरवाजे बांधले. हेतू पक्षीरक्षणाचा मुळीच नव्हता. हिवाळ्यात उतरणाऱ्या बदकांची शिकार करण्यासाठी पाहुणे बोलवायचे होते, आणि बदके यायची तर उथळ, पसरट पाणी हवे होते. बंदूकधारी पाहुण्यांना कोरड्या पायांनी पाण्याजवळ पोचता यावे हाही भाग होताच. देवळाजवळच्या दगडी फलकांवर त्या शिकारींचे आकडे कोरलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या उपस्थितीत, ४,२७३ पक्षी पडले, अशी तिथली नोंद सांगते. आज माणसे दुर्बीण घेऊन त्याच बांधांवर उभी राहतात.

१९५६ मध्ये घनाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, तरी शिकारीचे हक्क पूर्ण संपायला १९७२ उजाडले. १९८१ मध्ये त्याचा समावेश रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत झाला. १९८५ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसास्थळ ठरवले. ‘नैसर्गिक’ वारसा म्हणून गौरवलेल्या या जागेचे पाणी दरवर्षी माणसाला दरवाजे फिरवून सोडावे लागते. यात विसंगती वाटण्याचे कारण नाही. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणून ओळखले जाणारे नाशिकजवळचे नांदूर मध्यमेश्वरही गोदावरीवर बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचूनच घडले. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले.

कप्पे आणि खोली

घनाची रचना कोकणातल्या भातखाचरांसारखी आहे. खाचरांमध्ये बांध असतो, पाणी वरच्या खाचरातून खालच्यात सोडायला बांधात तोंड असते, आणि शेतकरी ये-जा करतो तो बांधावरूनच. इथे खाचरे प्रचंड आहेत, एवढाच फरक. प्रत्येक कप्प्याला, म्हणजे स्थानिक बोलीतल्या ‘ब्लॉक’ला, आपले दरवाजे आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी सोडले की एकेक ब्लॉक भरत जातो, आणि कोणत्या ब्लॉकमध्ये किती पाणी ठेवायचे हे दरवाजांवरून ठरते. गेटपासून देवळाकडे जाताना लागणाऱ्या सापन मोरीपाशी अनेक वाटा फुटतात, कारण तिथे बांध एकमेकांना मिळतात.

कप्पे केल्याने पाणी वेगवेगळ्या खोलीचे मिळते, आणि पक्ष्यांची वाटणी खोलीवरच होते. तुतवार बोटभर पाण्याच्या काठाने पळत चिखलात चोच खुपसतो. शेकाट्याचे गुलाबी पाय लांब असल्याने तो वीतभर पाण्यात आरामात फिरतो. थापट्या, तलवार बदक यांसारखी बदके बुडी मारत नाहीत. ती पाण्यावर तरंगत डोके खाली व शेपूट वर करतात आणि मान पोचेल तिथपर्यंतचे खातात, म्हणून त्यांना हातभर खोली बस्स होते. लालसरी आणि पाणकावळे बुडी मारणारे, त्यांना खोल पाणी हवे. कमळपक्षी खोलीची पर्वाच करत नाही. लांबलचक बोटांवर वजन विभागून तो तरंगत्या पानांवरून चालतो.

यामुळे घनातली वाट एका अर्थी वाचता येते. बांधाच्या डावीकडे आणि उजवीकडे अगदी वेगळे पक्षी दिसले, तर पाण्याच्या खोलीत फरक आहे असे खुशाल समजावे. बांधासाठी माती बहुधा शेजारूनच उकरलेली असते. त्यामुळे वाटेला लागून पुष्कळदा खोल चर असतो आणि पलीकडे पाणी पुन्हा उथळ होते. बुडी मारणारे सर्पपक्षी आणि पाणकावळे वाटेच्या इतक्या जवळ दिसतात, त्याला हा चरही कारणीभूत आहे.

पाण्यात उभ्या बाभळी

पावसाळ्याच्या उत्तरार्धात घनाची खरी शोभा पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर असते. एकाच झाडावर चित्रबलाक, मुग्धबलाक, बगळे, पाणकावळे, शराटी आणि चमचे यांची घरटी खचाखच भरलेली असतात. यातली बरीच झाडे मातीचे उंचवटे करून त्यांवर वाढवलेली आहेत, म्हणजे मुळे सदोदित बुडून कुजत नाहीत.

पक्षी काठावरची सोडून पाण्यातलीच झाडे निवडतात, याचे कारण कोल्हे आणि रानमांजरे. भोवती पाणी असेपर्यंत त्यांना झाडाशी पोचणे कठीण. ज्या वर्षी पाणी लवकर आटते, त्या वर्षी हे संरक्षणही पिलांना पंख फुटायच्या आतच संपते. पाणी फारच कमी आले, तर पक्षी घरटी बांधतच नाहीत, किंवा अर्धवट टाकून जातात.

चित्रबलाकाची शिकार पाहिली की पाण्याचे वेळापत्रक आणखी स्पष्ट होते. हा उंच, गुलाबी पिसांचा करकोचा मासा डोळ्यांनी हेरत नाही. गुडघाभर गढूळ पाण्यात अर्धवट उघडी चोच बुडवून तो हळूहळू चालतो आणि चोचीला काही लागले की ती क्षणात मिटतो. ही स्पर्शाची शिकार आहे. पाण्यात मासे विरळ असले तर तिचा उपयोग नाही. नदीच्या पुराबरोबर येणारी माशांची पिले पावसाळ्यात वाढतात, पुढे पाणी ओसरू लागले की तेवढेच मासे कमी पाण्यात दाटतात, आणि घरट्यातल्या पिलांची भूक तेव्हाच सर्वांत मोठी असते. मुग्धबलाकाच्या मिटलेल्या चोचीतही मध्ये फट राहते. तो गोगलगायी खातो, आणि त्यांनाही उथळ, वनस्पतींनी भरलेले पाणी लागते.

पक्षी उडत का नाहीत

प्रत्येक पक्ष्याला माणूस किती जवळ येईपर्यंत थांबायचे याची एक मर्यादा असते. अभ्यासक तिला पलायन-अंतर म्हणतात. उडण्यात ताकद खर्च होते आणि खाणे थांबते, म्हणून पक्षी विनाकारण उडत नाही. पण धोका खरा असेल आणि थांबला तर जीव जातो. या दोहोंचा मेळ घालून जे अंतर ठरते ते कायमचे नसते, अनुभवाने ते बदलते.

घनात हे अंतर कमी होण्याची कारणे वाटेच्या घडणीतच आहेत. बांध ही एक ठरलेली रेषा आहे. माणसे वर्षानुवर्षे तिच्यावरूनच जातात आणि शिकार थांबूनही आता दोन पिढ्या उलटल्या. त्या रेषेवरच्या हालचालीतून काही अनर्थ होत नाही, हे पक्ष्यांच्या अंगवळणी पडले आहे. शिवाय बांधावरचा माणूस पक्ष्याच्या दिशेने चालत नाही, त्याच्या बाजूने जातो. सरळ अंगावर येणारा प्राणी शिकारी वाटतो, बाजूने जाणारा तितका वाटत नाही. आणि मध्ये चर असतो. अंतर पंधरा पावलांचे असले, तरी चालून ओलांडता येण्यासारखे नसते. बांधावरच्या झाडाझुडपांमुळे माणसाची उभी आकृती आकाशाच्या पार्श्वभूमीवर ठळक दिसत नाही, हा आणखी एक फायदा.

हा भरवसा किती नाजूक आहे, ते कोणी छायाचित्रासाठी बांध उतरून काठाशी गेला की लगेच कळते. चारच पावले, पण त्या कप्प्यातली बदके उठतात आणि शेजारच्यांनाही उठवतात. मागून येणाऱ्यांना मग रिकामे पाणी पाहावे लागते. उद्यानातल्या रिक्षातून जाणाऱ्याला पुष्कळदा पायी चालणाऱ्यापेक्षा जवळून पक्षी दिसतात, कारण रिक्षाचा आकार आणि संथ वेग दोन्ही पक्ष्यांच्या ओळखीचे झाले आहेत. इथल्या रिक्षाचालकांना पक्षी ओळखण्याचे शिक्षण दिलेले आहे. त्यातल्या जुन्या मंडळींची नजर महागड्या दुर्बिणीला भारी पडते.

चौकट : चालणाऱ्यासाठी

*कसे जावे :* भरतपूर हे मुंबई–कोटा–मथुरा–दिल्ली रेल्वेमार्गावरचे स्थानक आहे. आग्रा सुमारे ५५ किलोमीटरवर, दिल्ली सुमारे १८० किलोमीटरवर.

*वाट :* गेटपासून केवलादेवाच्या देवळापर्यंतचा मुख्य रस्ता डांबरी आणि साधारण पाच किलोमीटरचा. पाणथळीच्या मुख्य भागात मोटारी जात नाहीत, पायी, सायकलने किंवा उद्यानातल्या रिक्षाने जायचे. पूर्ण अंतर जमणार नसेल तर सापन मोरीपर्यंत जाऊन आजूबाजूच्या बांधांवर फिरले तरी पुष्कळ दिसते. सोपा बेत म्हणजे रिक्षाने देवळापर्यंत जावे आणि रमतगमत चालत परतावे.

*वेळ :* सकाळी वाटेच्या पश्चिमेकडची तळी पाहावीत आणि संध्याकाळी पूर्वेकडची, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो आणि रंग दिसतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दाट धुके असते. तेव्हा उजाडताच धावण्यात अर्थ नाही.

*ऋतू :* घरट्यांसाठी ऑगस्ट ते ऑक्टोबर. पट्टकादंब आणि उत्तरेकडच्या बदकांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात पाणी थोड्या डबक्यांत उरते आणि पक्षी तिथे गोळा होतात, पण ऊन सोसत नाही.

*अजगर :* हिवाळ्यात ऊन चढले की अजगर बिळांच्या तोंडाशी अंग शेकत पडतात. ही बिळे पुष्कळदा साळिंदरांनी खणलेली असतात. दुरून पाहावे, बिळाजवळ जाऊ नये.

म्हशी गेल्या, गवत आले

बांध आणि दरवाजे ठीक असले की पाणथळ आपोआप टिकते, असा समज घनाने १९८० च्या दशकात खोटा ठरवला. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये आतली गुरेचराई बंद झाली. भोवतालच्या गावांतल्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या इथे चरत होत्या. बंदीविरुद्ध उठलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही गावकऱ्यांचा जीव गेला. त्यानंतर जे झाले त्याची अपेक्षा बंदी घालणाऱ्यांना नव्हती. पास्पालम नावाचे पाणगवत पाण्यावर चटईसारखे पसरू लागले आणि मोकळे पाणी झाकले गेले.

मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी त्या दशकभर इथे अभ्यास केला. म्हशी हे गवत खाऊन आणि तुडवून पाणी मोकळे ठेवत होत्या, असा त्याचा निष्कर्ष निघाला. संस्थेचे अध्वर्यू सलीम अली हे चराईबंदीच्या बाजूचे होते, त्यामुळे त्यांच्याच संस्थेने हा निष्कर्ष मांडणे ही शास्त्रीय प्रामाणिकपणाची नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. पुढे गावकऱ्यांना चाऱ्यासाठी गवत कापून न्यायची मुभा मिळाली.

गवत दाटले की काय बिघडते, ते वरच्या खोलीच्या हिशेबावरून ताडता येते. बदकांना उतरायला उघडे पाणी उरत नाही. माशांना प्राणवायू कमी पडतो. कुजलेल्या गवताचा थर तळाशी बसून खोलीच कमी होते. पूर्वी हिवाळ्यात इथे येणारे सायबेरियन क्रौंच उथळ पाण्यात उभे राहून लव्हाळ्यांचे कंद उकरून खात. दाट गवताखाली ते मिळणे अवघड. घनातून हे क्रौंच नाहीसे होण्याचे मोठे कारण मात्र त्यांच्या लांबच्या प्रवासमार्गावरची शिकार हे मानले जाते. २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर ते इथे दिसलेले नाहीत.

अर्धा टीएमसी

घनाला वर्षाला साधारण ५५० दशलक्ष घनफूट पाणी लागते, म्हणजे अर्ध्या टीएमसीहून (अब्ज घनफुटाहून) थोडे जास्त. पुण्याच्या खडकवासला धरणात मावते त्याच्या साधारण पाव हिस्सा ते आहे. घनाच्या पाणथळ भागावर ते एकदम पसरले, तर दीड मीटरहून थोडी जास्त खोली होईल. प्रत्यक्षात ते एकदम कधीच नसते. भरता भरता जमीन काही पिऊन टाकते आणि राजस्थानचे ऊन रोज थोडे उडवून नेते, म्हणून बहुतेक पाणी याहून उथळ राहते.

हे पाणी पूर्वी गंभीर नदीतून अजान बांधात आणि तिथून घनात येई. करौली जिल्ह्यात गंभीरवर पांचना धरण झाल्यावर हा ओघ आटला. २००० नंतरच्या वर्षांत त्या धरणाखालचे शेतकरी पाणी सोडायला तयार नव्हते, आणि त्यांची बाजूही समजण्याजोगी होती. काही वर्षे घनाचे कप्पे जवळजवळ कोरडे राहिले. बांध होते, वाटा होत्या, दोन्ही बाजूंना भेगाळलेली माती होती.

तेव्हापासून इतर ठिकाणांहून पाणी आणले जाते. चंबळच्या पिण्याच्या पाण्याच्या योजनेतून काही हिस्सा मिळतो. २०१२ च्या सुमारास गोवर्धन नाल्याचे पुराचे पाणी उपसून नळाने आणण्याची योजना सुरू झाली. बोअरवेलही आहेत. पण पाणी आणि पाणी यांत फरक असतो. बोअरवेलच्या पाण्यातून मासे येत नाहीत. नदीचा पूर माशांची पिले, गोगलगायी, बिया आणि गाळ असे सगळे घेऊन येई. कप्पा त्याच उंचीपर्यंत भरला, तरी नदीच्या पाण्याने भरलेल्या कप्प्यात चित्रबलाकांची वसाहत वाढते आणि बोअरवेलच्या पाण्यावर भरलेल्यात मुख्यतः वनस्पती खाणारी बदके आणि वारकरी पक्षी भागवून घेतात. कोणत्या वर्षी कुठले पाणी किती आले, त्यावर त्या वर्षी बाभळींवर किती घरटी होतील हे अवलंबून राहते.